वचन वाचलं, आता आज काय करायचं?

म्हापशाच्या बाजारात माझं काजूचं दुकान आहे. आम्ही मूळचे बेळगावकडचे, चर्चमधली उपासनाही मराठीतच. आमच्या मंडळीतल्या मुली विचारतात, "मावशी, पवित्र शास्त्र रोज वाचतो, पण दिवसभर त्याचं करायचं काय?" मी एकच पद्धत सांगते. सकाळी थोडंच वाचा आणि त्यातून आजच उरकेल असं एक काम वहीत लिहा. "प्रेमळ व्हायचं" असलं काही लिहू नका. कोणाशी, कधी, काय, ते लिहा. रात्री त्याच्यापुढे बरोबरची खूण पडली पाहिजे.

धंद्याचंच घ्या. बायबलच्या लेवीय पुस्तकात, १९:३५-३६ मध्ये, खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. ते वाचलं त्या दिवशी मी आमचा पुठ्ठ्याचा रिकामा डबा काट्यावर ठेवला. ४२ ग्रॅम! तोवर मी डब्यासकट किलो करून देत होते. म्हणजे हजार रुपये किलोच्या मालात ४२ रुपये पुठ्ठ्याचे. आता आधी रिकामा डबा ठेवते, काटा शून्यावर आणते, मग काजू भरते, आणि आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा फिरवते. नंबरांचंही तसंच. २४० आणि ३२० म्हणजे एका पौंडात साधारण किती काजूगर बसतात ते. आकडा लहान तसा गर मोठा आणि महाग. पर्यटकाला फरक कळत नाही, २४० मध्ये मूठभर ३२० सहज खपून जातात. म्हणून दोन्ही बरण्या मी शेजारीशेजारी ठेवते. "गोव्याचाच ना?" असं कोणी विचारलं, तर बाहेरून आलेल्या मालाला बाहेरचाच म्हणते. पहिल्या मोसमात गिऱ्हाईक कमी झालं, घरखर्चाची ओढाताण झाली. तुम्ही हे सुरू करणार असाल तर दोन-तीन महिन्यांची शिल्लक आधीच बाजूला काढा.

घरातलं याहून जड जातं. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू येशू सांगतो, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. गावच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या जाऊबाईंशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चच्या पायरीवर बसून मी त्यांना फोन लावला. वाक्य वहीत लिहून नेलं होतं: "अक्का, वाटणीचं राहू दे. त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं." पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "चहा झाला का तुझा?" क्षमा मागताना फक्त आपल्या वाट्याचं बोला. "पण तुम्हीही..." तोंडातून निघालं की सगळं पाण्यात. मारहाण होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. क्षमा करायची म्हणजे मार खात राहायचं नव्हे. तिथून बाहेर पडा, पाळकांना आणि पोलिसांना सांगा.

आणि प्रार्थनाच होत नसेल तेव्हा? आमचे हे बांबोळीच्या इस्पितळात होते, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अशा वेळी स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातीलाच दावीद देवाला चारदा विचारतो, किती वेळ? आपणही विचारावं, देव रागावत नाही. मग १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तेव्हा आधी जेवा, झोपा, मंडळीतल्या एकीला तरी खरं सांगा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या दिवसांत शेजारची कॅथलिक बाई रोज अकरा वाजता पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहायची. माझ्या वहीत तो अख्खा आठवडा एकच ओळ आहे, "पेज खाल्ली", आणि पुढे खूण.