जुन्या वळणाचा सफारी पोशाख आणि सामान कसे जमवावे

जुन्या काळच्या संशोधक-प्रवाशासारखा पोशाख जमवायला निघालेला माणूस बहुधा टोपीपासून सुरुवात करतो, मग आवडले म्हणून एखादे जाकीट घेतो, जुन्या बाजारात दिसले म्हणून पितळी होकायंत्र उचलतो, आणि सगळे अंगावर चढवल्यावर त्याच्या लक्षात येते की टोपी १८९० ची, जाकीट १९७० चे आणि बूट आजचे आहेत. प्रत्येक वस्तू चांगली असूनही पोशाख जुळत नाही. म्हणून पहिली वस्तू घेण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: साल कोणते, प्रदेश कोणता, आणि हा पोशाख घालणारा माणूस काय काम करीत होता. वनस्पतींचे नमुने गोळा करणारा, नकाशासाठी मोजणी करणारा, छायाचित्रकार आणि शिकारी यांचे खिसे, पट्टे आणि पिशव्या सारख्या नव्हत्या. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबीतल्या ‘सफर’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ प्रवास एवढाच आहे. त्यामुळे बंदूक आणि काडतुसांच्या पट्ट्यावाचून सफारीचा पोशाख अपुरा राहतो असे मानण्याचे कारण नाही. माझ्या मते तर नमुने गोळा करणाऱ्याचा किंवा नकाशा काढणाऱ्याचा पोशाख जमवण्यात अधिक गोडी आहे.

कालखंड ढोबळमानाने तीन धरावेत. १९०० च्या आधीचा प्रवासी जाड लोकरीचे किंवा सुती ड्रिलचे (तिरप्या विणीच्या मजबूत कापडाचे), गळ्यापर्यंत बटणे लावण्याचे जाकीट, गुडघ्यापाशी आवळलेली ब्रीचेस ही विजार आणि उन्हाची कडक टोपी वापरत असे. १९०० ते १९१४ हा मोठ्या, सुसज्ज मोहिमांचा काळ होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेसाठी पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले, तेव्हा तंबू, पेट्या आणि कपडे यांची रीतसर यादी करून सामान बांधणे रुळलेले होते. आज ‘सफारी जाकीट’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे चार खिशांचे, पट्ट्याचे, उघड्या कॉलरचे बुश जाकीट मात्र मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांतले आहे, आणि त्याच्यासोबत आखूड पँट, मऊ फेल्टची हॅट आणि मोटारगाडीही येते. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील यीव्ह सँ लोराँ यांनी हे जाकीट फॅशनमध्ये आणले. त्यानंतरची बरीच जाकिटे कमरेत आवळलेली, पातळ आणि टोकदार कॉलरची असतात. जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात हीच अधिक सापडतात आणि हीच आपल्याला चकवतात.

कापड आणि जाकीट

खाकी रंगाची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण सबंध पोशाखाचा पाया तोच आहे. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या ‘गाइड्स’ या पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने धुळीत मिसळून जाणारे कपडे स्वीकारले. ‘खाक’ म्हणजे माती किंवा धूळ, आणि खाकी म्हणजे तिच्या रंगाचा. सुरुवातीची खाकी घरगुती रंगाने रंगवलेली असल्याने ती एकसारखी नसे आणि धुण्यात उतरत असे. पक्का रंग नंतर आला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, जाकीट, पँट आणि पिशवी या तिन्हींची छटा तंतोतंत जुळवण्याचा अट्टहास करू नये. किंचित पिवळट, किंचित हिरवट आणि उन्हाने विटलेली अशा तीन छटा एकत्र आल्या तर पोशाख वापरातला वाटतो. एकाच ताग्यातून कापल्यासारखा दिसला तर गणवेश वाटतो.

कापड निवडताना शंभर टक्के सुती ड्रिल किंवा ट्विल घ्यावे आणि त्याचे वजन चौरस मीटरला साधारण २५० ते ३०० ग्रॅम असावे. याहून पातळ कापडावर मोठे खिसे लोंबतात, आणि पॉलिएस्टरमिश्रित कापडाची चमक दुरूनही ओळखू येते. शिवण्याआधी कापड गरम पाण्यात निदान दोनदा धुऊन उन्हात वाळवावे, कारण सुती ड्रिल आटते आणि आटायचे ते शिवणीआधीच आटलेले बरे. पहिल्या जाकिटाच्या वेळी मी ही पायरी गाळली होती; दुसऱ्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर सरकल्या आणि खिशांच्या कडा चुणल्या.

शिंप्याकडे शिवायला देताना नुसते चित्र दाखवून भागत नाही. पुढील बाबी त्याला शब्दांत लिहून द्याव्यात: छातीवर दोन आणि खाली दोन खिसे, सर्वांना बटणाचे झाकण, खालच्या खिशांना बाजूने घडी, म्हणजे भरल्यावर ते बाहेर फुगतील आणि रिकामे असताना सपाट बसतील, खांद्यामागे हात पुढे नेताना उघडणाऱ्या दोन उभ्या घड्या, त्याच कापडाचा पट्टा आणि त्याला पितळी बक्कल. घड्या आत शिवून बंद केल्या तर हात वर करताना जाकीट पाठीत ताणते, आणि ही चूक फार वेळा होते. काडतुसांचे छोटे कप्पे शिकाऱ्याच्या जाकिटावरच ठेवावेत. बटणे शिंगाची, चामड्याची वेणी घातलेली किंवा कोरोझो या ताडासारख्या झाडाच्या कठीण बियांची असावीत. प्लॅस्टिकची चार भोकांची चकचकीत बटणे चांगल्या जाकिटाची शोभा घालवतात, आणि ती बदलायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

चेनबद्दल (झिपबद्दल) दक्षता घ्यावी. आधुनिक चेनचे पेटंट गिडिऑन सुंडबॅक यांना १९१७ मध्ये मिळाले आणि पुरुषांच्या पँटला ती १९३० च्या दशकात लागू लागली. त्यामुळे पहिल्या महायुद्धाआधीचा पोशाख असेल तर सर्वत्र बटणेच हवीत.

स्त्रियांचा पोशाख जमवणाऱ्यांनी पुरुषी जाकीट लहान करून घेण्यावर थांबू नये. इंग्रज प्रवासी लेखिका मेरी किंग्सली १८९३ मध्ये आणि पुन्हा १८९५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत फिरल्या, त्या लांब, जाड स्कर्टमध्येच. जनावरांसाठी खणलेल्या, तळाशी अणकुचीदार खुंट्या रोवलेल्या खड्ड्यात त्या पडल्या, तेव्हा त्या जाड कापडानेच त्यांना वाचवले असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९२० च्या दशकात मात्र ब्रीचेस, उंच बूट आणि सैल शर्ट हा पोशाख स्त्रियांच्या अंगावर सर्रास दिसू लागतो. त्यामुळे येथेही साल ठरले की निवड आपोआप होते.

डोके

उन्हाची कडक टोपी दोन प्रकारची असते. सोला टोपी शोला या पाणवनस्पतीच्या गाभ्याची, म्हणजे आपण ज्याला भेंड म्हणतो त्याची, केलेली असते; ती अत्यंत हलकी, पण भिजली की फुगून आकार सोडणारी. दुसरी बुचाच्या सालीची, थोडी जड आणि अधिक टिकाऊ. जुनी सोला टोपी मिळाल्यास तिच्या कडा बोटांनी हळूच दाबून पाहाव्यात. आतून भुगा झालेला असेल तर कुरकुर ऐकू येते, आणि अशी टोपी शोभेसाठीच ठेवावी. डोक्याच्या मापापेक्षा एक आकडा मोठी टोपी घेऊन आतल्या पट्टीमागे फेल्टच्या चकत्या लावाव्यात, कारण पट्टी आणि टोपीची भिंत यांच्यात हवा खेळली पाहिजे. टोपीभोवती गुंडाळलेल्या कापडाला इंग्रजांनीही आपली ‘पगडी’च म्हटले. ते कापड गुंडाळताना किंचित ओले असावे. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्ध्या बोटाने चढवावा आणि मागच्या बाजूस टाक्याने अडकवावा.

ही टोपी परक्या सत्तेची खूण म्हणूनही अनेकांच्या स्मरणात आहे, आणि ते स्मरण रास्त आहे. प्रदर्शन, नाटक किंवा इतिहासाचे सादरीकरण यांत तिला जागा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ती सत्ता सोसली त्यांच्या गावात सहज फिरायला जाताना मी ती घालणार नाही. तेथे दुहेरी फेल्टची, रुंद कडेची टेराई हॅट घ्यावी. १९२० नंतरच्या पोशाखाला ती अधिक शोभते आणि पावसात खराबही होत नाही.

त्या काळी सूर्याचे किरण पाठीच्या कण्याला इजा करतात असा पक्का समज होता. म्हणून शर्टाच्या किंवा जाकिटाच्या पाठीवर आतून जाड कापडाची उभी गादी लावत, आणि तिला लाल अस्तर देत. हा समज चुकीचा ठरला, पण १९१४ पूर्वीचा पोशाख करणाऱ्याने ही गादी शिवून घ्यावी. बटणांनी काढता येईल अशी केली तर धुणे सोपे जाते.

पाय

खरे तर खरेदीला बुटांपासून सुरुवात करावी, कारण पायाला रुळायला सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो. घोट्याच्या वर जाणारे, तपकिरी चामड्याचे, शिवलेल्या तळाचे आणि साध्या टोकाचे बूट १८९० पासून १९३९ पर्यंत कोठेही चालतात. १९३० च्या दशकासाठी दक्षिण आफ्रिकेतील वेल्डस्कून हे मऊ, कच्च्या चामड्याचे बूट उत्तम. त्यांच्यासारखे दिसणारे डेझर्ट बूट मात्र नेथन क्लार्क यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणले, हे ध्यानात ठेवावे.

पोटरीभोवती गुंडाळायच्या पट्ट्यांचे ‘पटी’ हे इंग्रजी नावही आपल्याच ‘पट्टी’वरून आले आहे. लोकरीची, सुमारे दहा सेंटिमीटर रुंद आणि अडीच ते तीन मीटर लांब पट्टी घ्यावी. पायदळातले लोक घोट्यापासून गुडघ्याकडे गुंडाळत आणि वर बंद बांधत. घोडेस्वार उलट, गुडघ्यापासून खाली येत. पट्टी पोटरीवर आवळू नये. बसल्यावर पाय जड झाला किंवा मुंग्या आल्या तर ती सोडून सैल गुंडाळावी. जोधपुरी ब्रीचेस, म्हणजे मांडीत सैल आणि पोटरीला घट्ट बसणारी विजार, घालायची असेल तर साल १८९७ नंतरचे धरणे सुरक्षित, कारण जोधपूरचे सर प्रताप सिंग त्या वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले आणि तेव्हापासून ती तिकडे पसरली.

सामान

सामान जमवताना एक आकडा मनात ठेवावा: ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. पूर्व आफ्रिकेत एका हमालाच्या डोक्यावरचे ओझे साधारण एवढे धरले जाई, आणि पेट्या, तंबूच्या गाठोड्या, धान्याच्या गोण्या त्याच मापात बांधल्या जात. रूझवेल्ट यांनी सोबत नेलेली, डुकराच्या कातड्यात बांधलेली पुस्तकेही ॲल्युमिनियम आणि मेणकापडाच्या पेटीत एका हमालाचे ओझे होईल अशा बेताने भरली होती. त्या काळच्या छायाचित्रांतल्या प्रत्येक नीटनेटक्या तंबूमागे अशी ओझी वाहणाऱ्या माणसांची लांब रांग होती. सामानाचे प्रदर्शन मांडणाऱ्याने त्यांची दोर, चुंबळ आणि गाठोडीही मांडली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

अंगावर वागवायचे सामान थोडेच असावे: खांद्यावरून तिरकी घेतलेली कॅनव्हासची थैली, फेल्टने मढवलेली इनॅमलची पाण्याची बाटली, दुर्बीण, होकायंत्र, वही आणि चाकू. जुन्या बाटलीतून पाणी पिऊ नये; आतला मुलामा उडालेला असतो. दुर्बीण १८९४ नंतरची असेल तर प्रिझमची चालेल, कारण त्या वर्षी झाइस या जर्मन कंपनीने ती बाजारात आणली. त्याआधीच्या काळासाठी सरळ नळ्यांची साधी दुर्बीण शोधावी. घेण्यापूर्वी दूरच्या एखाद्या आडव्या तारेकडे पाहावे. दोन तारा दिसल्या तर प्रिझम हलले आहेत, आणि भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. अंधारात चमकणारे जुने होकायंत्र विशेष जपून हाताळावे: पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. चमक विझली तरी रेडियम तेथेच असते, म्हणून असे यंत्र उघडू नये, खरवडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. हस्तिदंत, बिबट्याचे कातडे, मगरीचे चामडे यांच्या वस्तूंना हात लावू नये. १९७५ पासून लागू असलेल्या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्यांतील अनेकांची देशाबाहेर ने-आण निर्बंधित आहे, आणि हाडाची मूठ किंवा साधे गाईचे चामडे पोशाखाला पुरेसे आहे.

तळावर मांडण्यासाठी एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल तर रुरकी खुर्ची घ्यावी. चार खरादी पाय, आडव्या दांड्या आणि कॅनव्हास एवढीच तिची रचना. खिळा नाही, सरस नाही. बसणाऱ्याच्या भाराने सांधे आवळले जातात आणि उंचसखल जमिनीवर चारही पाय टेकतात. पट्ट्या सोडल्या की तिचे गाठोडे होते. रॉकेलचा कंदील आणि १८९२ नंतरचा काळ असल्यास पितळी प्राइमस स्टोव्ह सोबत शोभतो. पितळ अगदी लखलखीत घासू नये.

नवे कपडे जुने दिसावेत म्हणून सँडपेपर घासणे किंवा चहात बुडवणे मला पटत नाही. घासलेल्या खुणा नेमक्या जेथे झीज होत नाही तेथे दिसतात. कपडे उलटे करून धुवावेत, सरळ करून उन्हात घालावेत, खिशांत खरोखरच वही, चाकू, दोरी ठेवून फिरावे. दोन महिन्यांत खिशाची झाकणे आपला बाक घेतात. चामड्याला मेण आणि तेलाचे पातळ हात द्यावेत, लोकरीच्या पट्ट्या कसरीपासून जपण्यासाठी वापरानंतर झटकून, वाळवून बंद डब्यात ठेवाव्यात.

सगळे जमले की संपूर्ण पोशाख घालून आणि जुन्या बाटलीच्या जागी नवी बाटली पाण्याने भरून घेऊन चार तास चालून यावे. परतल्यावर कोठे पट्टा काचला, कोणती पिशवी मांडीवर आपटत राहिली, कोणत्या खिशाला हात पोहोचला नाही हे वहीत टिपावे. पिशवीचा पट्टा बहुधा चार बोटे आखूड करावा लागतो आणि दुर्बिणीची दोरी थोडी वर घ्यावी लागते. ते बदल करून झाल्यावरच जादा पट्टा कापावा आणि टोकाला टाके घालावेत.