लघवीतलं कोटिनिन टिपायचं, तर सॉर्बंट कुठला?

निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या अंगात किती निकोटिन जातं, हा विषय घेऊन एमएस्सीची मुलं माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो: "मॅडम, मॉफ वापरू की ग्राफीन?" ही दोन्ही सॉर्बंटची नावं, म्हणजे द्रवातला हवा तो रेणू धरून ठेवणारे घन पदार्थ: मॉफ ही धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी, ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. माझं उत्तर असतं, आधी रेणू बघा.

निकोटिन नको, कोटिनिन मोजा. वखारीत तंबाखूची धूळ हवेतच असते. झाकणाला, बोटांना लागलेली धूळ नमुन्यात पडली की निकोटिन वाढलेलं दिसतं. कोटिनिन मात्र शरीरात गेलेल्या निकोटिनपासून, मुख्यतः यकृतात तयार होतं आणि ते निम्मं व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात. तरीही मावशींना साबणाने हात धुवायला लावा आणि बाटली वखारीबाहेरच द्या. "तंबाखू खाता का?" एवढंच विचारलं तर "नाही" म्हणतील, मिश्रीचं वेगळं विचारा. मिश्री लावणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवली नाही, तर कामातून किती गेलं ते कधीच कळणार नाही.

आता सॉर्बंट. जुनं सी-१८ सिलिका (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेली) मध्येच कोरडं पडलं की पकड सोडतं. शिवाय लघवीतली रंगद्रव्यंही धरून ठेवतं. कोटिनिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रभार असतो तो आकडा) ४.५ ते ५ च्या दरम्यान, म्हणजे आम्लात त्यावर धन प्रभार येतो. म्हणून मी सल्फोनिक गट जोडलेला पॉलिमर, मिक्स्ड-मोड कॅटायन एक्स्चेंज (धन प्रभारालाही धरणारा), घ्यायला सांगते. ३० मिलिग्रॅमचं काडतूस, म्हणजे सॉर्बंट भरलेली छोटी नळी, पुरतं.

लघवी सेंट्रिफ्यूज करा. १ मिली लघवीत १ मिली २ टक्के फॉर्मिक आम्ल घाला आणि पीएच ३ च्या खाली आहे ना, ते पट्टीवर बघा. काडतुसातून १ मिली मिथेनॉल, मग १ मिली पाणी सोडा. नमुना थेंबथेंब जाऊ द्या. घाईने ओढला तर कोटिनिन पकडलंच जात नाही. नंतर फॉर्मिक आम्लाने धुवा, मग निव्वळ मिथेनॉलने. बराचसा पिवळेपणा इथेच निघून जातो, कोटिनिन मात्र प्रभारामुळे अडकून राहतं. शेवटी ५ टक्के अमोनिया घातलेलं मिथेनॉल, अर्धा-अर्धा मिली दोनदा; त्याने प्रभार जातो आणि कोटिनिन सुटून येतं, तोच द्रव गोळा करा. हे मिश्रण त्याच दिवशी बनवा, अमोनिया उडून जातो. निकोटिनही मोजणार असाल, तर नायट्रोजनखाली सुकवण्याआधी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, नाहीतर तेही उडतं.

नव्या पदार्थांवर माझा राग नाही. व्हॅक्यूम मॅनिफोल्ड (काडतुसांतून द्रव ओढणारं उपकरण) नसेल तिथे चुंबकीय कण फार सोयीचे: ढवळायचं, बाहेरून चुंबक लावायचा, द्रव ओतून टाकायचा. पण सिलिकाचं कवच नसेल तर आम्लात लोह ऑक्साइड विरघळायला लागतं. मॉफ घ्यायचंच असेल तर यूआयओ-६६ सारखं पाण्यात टिकणारं घ्या. मॉलिक्युलर इम्प्रिंटेड पॉलिमरमधून (ठरावीक रेणूचा साचा ठेवून त्याभोवती घडवलेला पॉलिमर) साच्याचाच रेणू पाझरतो, म्हणून साचा कोटिनिनसारख्या दुसऱ्या रेणूचा हवा. २०१४ मध्ये पुढे आलेली फॅब्रिक फेज पद्धत मला मनापासून आवडते: बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरही विणता येईल अशा साध्या सुती कापडावर सोल-जेलचा (द्रवातून घट्ट होणाऱ्या जाळीचा) लेप द्यायचा आणि तुकडा थेट नमुन्यात सोडायचा.

काहीही निवडा, पण पाण्यात कोटिनिन घालून मिळालेल्या रिकव्हरीवर (घातलेल्यापैकी परत किती मिळालं त्यावर) विसंबू नका. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं) कोटिनिन, तुलनेसाठी, सुरुवातीलाच घाला आणि चाचणी कोऱ्या लघवीत करा. ती तंबाखू न खाणाऱ्या, मिश्री न लावणाऱ्या आणि घरात कुणी बिडी ओढत नाही अशा माणसाचीच हवी. आपल्या भागात असा माणूस शोधायला वेळ लागतो, तो वेळ प्रकल्पात आधीच धरा.