सीएचआयआरची नवी बाटली आणि न धडधडणाऱ्या पेशी

आयपीएस पेशींपासून (शरीरातल्या कुठल्याही पेशीत बदलू शकणाऱ्या पेशी) हृदयपेशी बनवताना, त्या बदलाची सुरुवात करून देणाऱ्या सीएचआयआर-९९०२१ या रसायनाची नवी बाटली उघडली आणि बाराव्या दिवशीही प्लेटमध्ये धडधड नाही. पेशींची घनता बदलली, पेशी ज्या थरावर वाढतात ते मॅट्रिजेल बदललं, इन्क्युबेटरवरही संशय घेतला. दीड महिना पाण्यात.

घोळ लेबलवर होता. जुनी बाटली फ्री बेस, म्हणजे नुसता मूळ रेणू (रेणुभार ४६५.३), नवी ट्रायहायड्रोक्लोराइड, म्हणजे त्याच रेणूचा जड क्षार (५७४.७). मी जुन्याच हिशोबाने १ मिलीला ४.६५ मिग्रॅ घेत होतो, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू कमी. ६ मायक्रोमोलरऐवजी पेशींना मिळत होतं जेमतेम ४.९.

दुरुस्ती करताना आधी त्या बाटलीच्या लॉटच्या (उत्पादन-गटाच्या) सर्टिफिकेटवर क्षाररूप पाहिलं (शुद्धता ९८ टक्क्यांवर, म्हणून तर शंका आली नव्हती). मग ५.७५ मिग्रॅ १ मिली डीएमएसओ या द्रावकात, म्हणजे १० मिलीमोलर. ५० मायक्रोलिटरचे भाग उणे २० अंशांवर. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. शेवटी ४, ६, ८, १० मायक्रोमोलरची चाचणी. ६ लाच, नवव्या दिवशी, प्लेट धडधडली.