रजोनिवृत्तीतला रात्रीचा घाम: मला कशाने उतार पडला

वय 49. पाळी बंद होऊन सात महिने झाले होते. रात्री दोनच्या सुमारास छातीतून वाफ वर चढायची, मान आणि उशीचा अभ्रा ओला, मग लगेच थंडी. रात्रीतून चार-पाच वेळा. रडकुंडीला आले होते.

पंखा वाढवला, सोयाच्या गोळ्या महिनाभर घेतल्या, दुकानातला शतावरी कल्प आणला. त्यात साखरच जास्त. काही फरक नाही.

वैद्यबाईंनी आधी थायरॉइड आणि साखर तपासायला लावली, कारण थायरॉइड वाढलं तरी असाच घाम येतो. दोन्ही ठीक निघाल्यावर हा क्रम दिला:

चारनंतर चहा बंद. जेवण साडेसातच्या आत, रात्री ठेचा-लोणचं नाही. माझ्यासाठी हेच सगळ्यात अवघड होतं. चमचाभर धणे भरडून पेलाभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यायचे. झोपताना कपभर दुधात 3 ग्रॅम शतावरी चूर्ण उकळून. शेवटी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने दहा-दहा मिनिटं घासायचं. तूप काळं पडतं, ते वाटीच्या धातूमुळे, घाबरू नका.

पहिले दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्यात घाम दोनदा, दीड महिन्यात एखाद्या रात्रीच.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर शतावरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बारा महिने पाळी नसताना रक्तस्राव झाला तर घरचे उपाय सोडून थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.