गायकाची पट्टी विचारा, मग बेस घ्या

बेस गिटार घ्यायची म्हटलं की पहिली चर्चा ब्रँडची होते. मुंबईत मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात, गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचं असेल तर आधी एक गोष्ट विचारा: गायक कुठल्या पट्टीत गातात?

चार तारी बेसची सगळ्यात जाडी तार ई, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी तीन. गायकाचा सा काळी दोनला असला की तो या मोकळ्या तारेच्या नेमका अर्धा स्वर खाली पडतो. खालचा सा मिळतच नाही. ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) जाऊन एक सप्तक वरचा वाजवावा लागतो. काळी एक म्हणजे ए तारेची चौथी फ्रेट, पांढरी दोन म्हणजे पाचवी. पुरुष गायकांची बरीच गाणी याच तीन पट्ट्यांत असतात. गायिकेने काळी तीन किंवा काळी चार सांगितली तर मजा आहे: ई तारेची दुसरी किंवा चौथी फ्रेट, भरदार सा, हात फारसा हलवायची गरज नाही. पांढरी चार पहिल्या फ्रेटवर, पांढरी पाच तिसऱ्या, पांढरी सहा पाचव्या, काळी पाच सहाव्या. हे बोटांत बसलेलं हवं, कारण स्टेजवर कोणी ‘ए फ्लॅट’ म्हणत नाही, ‘काळी चार’ म्हणतात.

खालचा सा मिळत नाही, यावर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: ई तार उतरवून डीला लावा. पांढरी दोन मोकळ्या तारेवर येते, काळी दोन पहिल्या फ्रेटवर. त्या तारेवरचे बाकीचे सगळे सूर दोन फ्रेट पुढे सरकतात, ते लक्षात ठेवावं लागतं, आणि काळी एक तरीही निसटते. दुसरा उपाय पाच तारी बेस. पाचवी तार बी, पांढरी सात. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक मिळते. पण तो सूर सुमारे 35 हर्ट्‌झचा. सबवूफर नसलेल्या छोट्या हॉलच्या स्पीकरमधून तो मूळ सूर जवळजवळ ऐकूच येत नाही, फक्त गढूळपणा येतो. नवशिक्याने चार तारीवरच सुरुवात करावी. पाचवी तार नुसती टांगलेली असते आणि प्रत्येक सुराला मागे गुरगुरते. ती दाबून ठेवणं हे वेगळं शिक्षण आहे.

वाद्य निवडताना

फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस 1951 मध्ये आणला, जॅझ बेस 1960 मध्ये, आणि आजही बाजारातली बहुतेक वाद्यं या दोघांच्या नकला किंवा नातेवाईक आहेत. प्रिसिजनला एकच दुभागलेला पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), जाडसर नेक (फ्रेट बसवलेला दांडा), आवाज गोल आणि मिक्समध्ये लगेच जागा धरणारा. जॅझला दोन पिकअप आणि नटजवळ (हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांत टेकतात ती पट्टी) सुमारे 38 मिलिमीटरची बारीक नेक. मागचा पिकअप वाढवला की आवाज नाकात जातो पण बोटांची प्रत्येक हालचाल कळते. जॅझचे दोन्ही पिकअप सारख्याच व्हॉल्यूमवर असले की दिव्यांचा हम (घूं असा आवाज) एकमेकांत रद्द होतो. एकच उघडला की परत येतो. डिमर आणि एलईडीने भरलेल्या मंडपात याचा हिशेब ठेवा.

धोबी तलाव-काळबादेवीकडच्या दुकानांत वाद्य हातात घेऊन बघता येतं, तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी एक चक्कर माराच. प्रथम वजन: चार किलोच्या आसपास ठीक, साडेचारच्या पुढे तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलायला लागतो. पट्टा लावून दोन्ही हात सोडा. नेकची बाजू खाली झुकत असेल तर वाजवताना डावा हात वाद्य पेलण्यातच जाईल. जुनं वाद्य असेल तर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, एकही वगळू नका. मेलेला सूर (वाजताच विझणारा) बहुधा जी तारेच्या पाचव्या-सहाव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो, आणि तो दुरुस्त होत नाही. जॅक हलवून खरखर ऐका. ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी सळई) आवळायचा नट फिरतो का हे मालकासमोरच पाहा. शेवटपर्यंत आवळलेला किंवा झिजलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

नेक आणि पावसाळा

मुंबईत बेसचा खरा शत्रू हवा आहे. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पितं, मग एसी हॉलमध्ये चार तास कोरडं होतं, परत ट्रेनमध्ये भिजतं. नेक हलते. ‘दुकानातून आणला तेव्हा छान होता’ ही तक्रार बहुतेक वेळा वाद्याची नसते, सेटिंगची असते.

तपासणी अशी. बेस सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथे ई तार दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट 0.3 ते 0.35 मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) नागदेवी स्ट्रीटवर मिळतो. नसेल तर जेमतेम सरकणारं पातळ व्हिजिटिंग कार्ड चालतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, फटच नसेल तर उलट सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून मोजा. दुसऱ्या दिवशी परत बघा, लाकूड सावकाश बसतं. ॲलन की आधी तपासा: 3/16 इंचाची की म्हणजे 4.76 मिलिमीटर, ती 5 मिलिमीटरच्या नटात ‘बसल्यासारखी’ वाटते आणि नट गोल करून टाकते. एकदा तो गोल झाला की पाव फेऱ्याचं काम कारागिराकडे जातं.

नेक झाल्यावरच ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे 2.4 मिलिमीटर, जीखाली 2. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) कुठे होतं यावरून कारण कळतं: फक्त पहिल्या तीन-चार फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ आहे, बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) फार खाली, फक्त मोकळ्या तारेला असेल तर नटची खाच खोल गेली आहे. शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूरही सुरात राहणं: बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम नव्या तारांवर करा, जुन्या तारा कुठेच जुळत नाहीत.

तारा 45 ते 105 जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) हा बहुतेकांसाठी योग्य संच. निकेल राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) सगळीकडे चालतात. स्टीलच्या जास्त चमकतात आणि फ्रेट लवकर खातात. फ्लॅटवाउंडचा (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या तारांचा) आवाज डब्बल बेसकडे झुकतो, भावगीतं आणि जुन्या चित्रपटगीतांना तोच शोभतो, आणि घामाची घाण साठायला त्यांत खाचा नसल्यामुळे त्या वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलतच नसत. तार एकेक करून बदला म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. खुंटीच्या पुढे सुमारे दहा सेंटिमीटर ठेवून आधी तार वाकवा, मग कापा. न वाकवता कापली तर वेटोळं आतून सैल होतं आणि तार कायमची मंद होते. दोन-तीन वेढे, खालच्या दिशेने.

ॲम्प शेवटी, डीआय आधी

पैसे मोजकेच असतील तर ॲम्पवर सगळ्यात शेवटी खर्च करा. इथल्या बहुतेक कार्यक्रमांत बेस थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जातो, आणि तासाने भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये ॲम्प असतोच. घरी स्पीकरवर वाजवलं तर खालचा सूर स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो, तेव्हा तिथे हेडफोन. ड्रमरसोबत स्वतःचा ॲम्प लागणारच असेल तर 200-300 वॉटच्या खाली जाऊ नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. गिटारच्या ॲम्पमध्ये बेस मोठ्याने वाजवलात तर त्याचा स्पीकर फाटतो. आणि 8 ओमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की 4 ओम होतात. ॲम्पवर लिहिलेल्या किमान ओमच्या खाली गेलात तर ॲम्प तापून बंद पडतो, नशीब वाईट असेल तर जळतो. कॅबिनेटला स्पीकर केबलच लावा, वाद्याची नाही.

डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला देण्याजोगा करणारी डबी) मात्र स्वतःचा ठेवा. बेस, ट्यूनर, डीआय, तिथून एक्सएलआर केबल मिक्सरला आणि दुसरी साधी केबल स्टेजवरच्या ॲम्पला: अशी जोडणी केली की ॲम्पचे नॉब फिरवले तरी प्रेक्षकांकडचा आवाज बदलत नाही. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून 48 व्होल्ट लागतात, ते चालू करायला सांगा. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसचा सिग्नल तगडा असतो. आवाज चिरकत असेल तर डीआयवरचं पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) दाबा. बेसमधली 9 व्होल्टची बॅटरी जॅक आत असेपर्यंत खर्च होत राहते, म्हणून मध्यंतरात जॅक काढा आणि खिशात एक जादा बॅटरी ठेवा.

घूं आवाज आला तर आधी डीआयचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलमधली अर्थची जोडणी सोडवणारं बटण). थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर ऐकू नका. हम जातो खरा, पण मंडपात, जनरेटरवर, ओल्या ताडपत्रीवर उभं राहून एका हाताने तार आणि ओठाने माइक धरला की शरीरच वायर होतं.

टोन सेट करताना बेस वाढवण्याआधी 250 हर्ट्‌झच्या आसपासचं थोडं कमी करून बघा, डबडबेपणा तिथे असतो. सूर ऐकू येत नाहीत असं वाटलं तर 700 ते 1000 हर्ट्‌झ वाढवा. घरी एकट्याने सुंदर वाटणारा जाड टोन बँडमध्ये गायब होतो, हे प्रत्येकाला एकदा तरी पटावं लागतं.

ठेक्यासोबत

ड्रमर असेल तर किकसोबत जा, हे सगळे सांगतात. तबला-ढोलकी असेल तर काय, हे फारसं कोणी सांगत नाही. केरव्यात (धा गे ना ति, न क धि ना) डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला घुमतो. तिथे बेस लांबवलात तर दोघांचा चिखल होतो. समेवर सूर आखूड सोडा, तिसऱ्या ते सहाव्या मात्रेत जागा मोकळी असते, लांबवायचं ते तिथे. दादऱ्यात पहिल्या मात्रेला सा आणि चौथ्याला पंचम एवढंच नीट, वेळेवर वाजलं तरी कोळीगीत चालायला लागतं. सूर थांबवणं हे सुरू करण्याइतकंच काम आहे: उजवा अंगठा जाड्या तारेवर टेकवा, तो तिला गप्प ठेवतो, वरच्या तारांवर गेलात की अंगठाही एक तार सरकवा.

सा-पंचमाची सवय मात्र धोक्याची. गाणं मालकंसावर बेतलेलं असेल तर त्या रागात पंचमच नाही, तिथे मध्यम लावा. मारव्यातही पंचम वर्ज्य. तिथे सा धरून बसणं उत्तम. आणि पेटी असेल तर ट्यूनरवर विश्वास टाकण्याआधी पेटीचा सा ऐका. पेट्या बहुधा नेमक्या 440 वर (ए सुराची हर्ट्‌झमधली प्रमाण कंपनसंख्या) नसतात. ट्यूनरचा संदर्भ 441, 442 असा सरकवून पेटीशी जुळवा. तबला त्याच सुराला लागलेला असतो, एकटा बेस बरोबर असून उपयोग नाही.

येता-जाता: बॅगेत 15-20 मिलिमीटरचं पॅडिंग हवं, हेडस्टॉकपाशी जास्त. पूर्ण लांबीचा बेस सुमारे 117 सेंटिमीटर असतो, पाठीवर घेतला की डोक्याच्या वर येतो आणि लोकलच्या दारात आणि हँडलच्या दांड्यात अडकतो. गर्दीत तो पुढे, पायांमध्ये उभा धरा. दाबामुळे खुंट्या फिरतात, म्हणून स्टेजवर उतरल्यावर पहिलं काम ट्यूनिंग. घरी आल्यावर बॅग उघडी ठेवा, तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. समुद्राकडच्या घरांत ब्रिजचे स्क्रू सर्वात आधी गंजतात. वर्षातून दोनदा त्यांना एक थेंब शिलाई मशीनचं तेल.