कम्बाइन्ड ऑथॉरिटीवर लक्ष कसं ठेवायचं
इंग्लंडमधे तुम्ही कौन्सिलर असाल आणि तुमची कौन्सिल कम्बाइन्ड ऑथॉरिटीत (काही कौन्सिलांनी मिळून केलेली संस्था) असेल तर आधी तिचा फॉरवर्ड प्लॅन (येऊ घातलेल्या निर्णयांची यादी) उघडा, मोठ्या निर्णयाची नोटीस साधारण 28 दिवस आधी लागते, विषय तिथेच पकडायचा, नंतर बोंबलून काय फायदा. स्क्रूटिनी कमिटीत (ऑथॉरिटीचे निर्णय तपासणारी कमिटी) बहुमत मेंबर कौन्सिलांच्याच लोकांचं असतं आणि ती निर्णय कॉल-इन करू शकते (म्हणजे अंमलाआधी थांबवून फेरविचाराला पाठवू शकते), पण कोरम (मीटिंगला लागणारी किमान हजेरी) दोन तृतीयांश! लोकांनी दांड्या मारल्या की मीटिंग बारगळलीच, त्यामुळे आपला माणूस जातोय ना ते बघा. पैशात ट्रान्सपोर्ट लेव्ही (वाहतुकीसाठी कौन्सिलांकडून घेतलेले पैसे) आणि ऑथॉरिटीच्या मेयरचा प्रीसेप्ट (कौन्सिल टॅक्समधे, म्हणजे घरावरच्या स्थानिक करात, मेयरने लावलेली रक्कम) यांची गल्लत नको, लेव्ही कौन्सिलच्या बजेटमधून जाते, प्रीसेप्ट लावला असेल तर कौन्सिल टॅक्सच्या बिलावर त्याची वेगळी ओळ दिसते.