‘जिवाणूंना औषधाची सवय झाली’: उत्क्रांतीविषयीचा गैरसमज वर्गात कसा दूर करावा

उत्क्रांती शिकताना सगळ्यांत चिवट ठरणारा गैरसमज एकच: गरज पडली म्हणून सजीव बदलला. व्याख्या तोंडपाठ असलेले विद्यार्थीही इथे अडकतात, म्हणून व्याख्या विचारून तो सापडत नाही.

धडा सुरू करण्याआधी एक प्रश्न द्या. ‘प्रतिजैविकाने सुरुवातीला बहुतेक जिवाणू मेले. काही काळाने त्याच औषधाचा परिणाम होईना. का?’ पाच मिनिटांत तीन-चार वाक्यांत उत्तर लिहायला सांगा. पर्याय देऊ नका, कारण पर्यायांतून योग्य उत्तराचा वास लागतो. मग वह्यांमधली क्रियापदे तपासा. ‘सवय झाली’, ‘ताकद वाढवली’, ‘जुळवून घेतले’ लिहिणारे एकेका जिवाणूला बदलताना पाहतात. ‘काही आधीपासूनच वेगळे होते, ते वाचले आणि वाढले’ असे लिहिणाऱ्यांना मुद्दा कळला आहे.

यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. ‘जुळवून घेणे’ ही माणसाने जाणूनबुजून करायची गोष्ट. ‘निवड’ म्हटले की निवडणारा कोणीतरी आलाच. हे शब्द टाळता येत नाहीत, पण फळ्यावर वाक्य लिहिताना कर्ता बदलता येतो: ‘जिवाणू प्रतिरोधी झाला’ (म्हणजे औषधाला दाद देईनासा झाला) असे न लिहिता ‘समूहात प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण वाढले’ असे लिहा.

आता खेळ. सुमारे एक मीटर लांब-रुंद, रंगीबेरंगी नक्षीचे कापड घ्या. पाच रंगांच्या कागदांतून एकाच मापाच्या टिकल्या पाडा, प्रत्येक रंगाच्या शंभर. त्यांतल्या प्रत्येकी 20, म्हणजे एकूण 100, कापडावर विखरा. चार विद्यार्थी शिकारी. प्रत्येकाने एक टिकली उचलायची, मान वळवायची, मग पुढची. 25 उरल्या की थांबा. रंगवार मोजा आणि उरलेल्या प्रत्येकीमागे त्याच रंगाच्या तीन नव्या टाका. पुन्हा 100 होतील. अशा तीन पिढ्या. आकडे तक्त्यात लिहा आणि प्रत्येक फेरीआधी अंदाज मांडायला लावा.

कापड एकरंगी असेल तर खेळ बिघडतो: एकच रंग झटकन उरतो, हळूहळू सरकणारे प्रमाण दिसत नाही. टिकल्यांची मापे वेगळी असतील तर निवड रंगावर न होता मापावर होते. मान वळवण्याचा नियम मोडला की शिकारी ओंजळीने उचलतात आणि उरते ते निव्वळ योगायोगाने.

शेवटी विचारा, ‘एकाही टिकलीने रंग बदलला का?’ त्यानंतर कापडच बदला. पहिल्या कापडावर पूर्ण संपलेला रंग नव्या कापडावर उपयोगी ठरत असला तरी परत येत नाही. गरज आहे, पण टिकली नाही. या क्षणी घाई करू नका, वर्गाला बोलू द्या. मग उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत योगायोगाने होणारा बदल, आणा: पुढच्या फेरीत दर 25 नव्या टिकल्यांमागे एकीचा रंग चिठ्ठी टाकून ठरवा. चिठ्ठीला कापड दिसत नाही, हे मोठ्याने म्हणा.

यानंतरच खरा पुरावा सांगा. 1952 साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी मखमलीच्या ठशाने जिवाणूंच्या वसाहती (एकत्र वाढलेले पुंजके) जिवाणू वाढवायच्या एका तबकडीवरून दुसऱ्यांवर उतरवल्या. औषध असलेल्या तबकड्यांवर त्याच त्या जागी वसाहती वाढल्या. मूळ तबकडीवर त्या जागचे जिवाणू औषधाचा स्पर्शही न होता प्रतिरोधी होते.

‘बळी तो कान पिळी’ म्हणजेच नैसर्गिक निवड, ही समजूत त्यामानाने लवकर सुटते: टिकल्यांत बलवान कोणीच नव्हती. ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडे अजून का आहेत?’ यासाठी माकडापासून माणसापर्यंत चढणारी शिडी फळ्यावरून पुसून फांद्यांचे झाड काढा. आजचा चिंपांझी आणि माणूस ही चुलत भावंडे. समान पूर्वज आज नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, पण जिवाणू नकोत. काळोख्या गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे कसे गेले ते विचारा. ‘वापर नव्हता म्हणून’ एवढेच उत्तर आले, तर टिकल्यांचा तक्ता समोर ठेवून विद्यार्थ्याला तेच वाक्य पिढ्या आणि प्रमाण हे शब्द वापरून पुन्हा लिहायला सांगा.